एका खुनावर थांबणारे आणि न थांबणारे

तुमचा प्रश्न असा आहे : एखादा माणूस सिरियल किलर का बनतो, त्यामागची मानसशास्त्रीय कारणं कोणती? आणि त्याखाली, जवळजवळ जाता जाता, तुम्ही लिहिलंय की तुमचा नऊ वर्षांचा भाचा अजून अधूनमधून अंथरूण ओलं करतो, आणि गेल्या महिन्यात त्याने मांजरीचं पिल्लू बादलीत बुडवायचा प्रयत्न केला. कुठेतरी 'खुन्यांची तीन लक्षणं' वाचलीत आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे.

ताई, तुमचा खरा प्रश्न खालचा आहे, वरचा नाही. तरी वरच्याचं उत्तर आधी देतो. ते नीट उलगडलं, तर खालच्या प्रश्नातली निम्मी भीती आपोआप उतरेल. उरलेल्या निम्म्याकडे मात्र लक्ष द्यावं लागेल, तेही सांगतो.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. सरकारी मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली, त्यातली काही न्यायालयाने निरीक्षणासाठी पाठवलेल्या कच्च्या कैद्यांच्या वॉर्डात. एक गोष्ट आधीच कबूल करतो. खून केलेली माणसं मी पुष्कळ तपासली, पण एकामागून एक माणसं मारणारा एकही माझ्या टेबलासमोर बसलेला नाही. असे लोक फार थोडे असतात. तेव्हा त्यांच्याबद्दल सांगेन ते खटल्यांच्या नोंदींतून आणि आमच्या शास्त्रातल्या लिखाणातून. त्याचा अर्थ लावायची रीत मात्र वॉर्डात शिकलेली.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ साली तज्ज्ञांची एक परिषद भरवली, तिथे व्याख्या ठरली : एकाच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या प्रसंगी केलेले दोन किंवा अधिक खून. यात 'का' कुठेच नाही. ही पोलिसांच्या कामाची व्याख्या आहे. आमच्या रोगनिदानाच्या पुस्तकांत 'सिरियल किलर' नावाचा आजार नाही. ताप का येतो, असं कोणी विचारलं तर डॉक्टर म्हणेल, मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, पायातल्या गळवानेही येतो. तुमच्या प्रश्नाचं तसंच आहे. आपल्याकडचीच तीन प्रकरणं शेजारी ठेवतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल.

रामन राघव. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना रात्री डोक्यात जड वस्तू घालून मारलं जात होतं. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गाच्या कडेने असंच घडलं होतं. तेव्हा पोलिसांनी याला संशयावरून धरलंही होतं, पण पुराव्याअभावी सोडावं लागलं. ऑगस्ट १९६८ मध्ये अ‍ॅलेक्स फियालो या फौजदाराने त्याला रस्त्यात ओळखून पकडलं. गुन्हे शाखेची सूत्रं रमाकांत कुलकर्णींकडे होती. आरोपी तोंड उघडेना. मग त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळालं, आणि तो बोलू लागला. ही कोंबडीची गोष्ट लोक अजून चवीने सांगतात. मला त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला. वकिलांनी वेडाचा मुद्दा काढला. पोलीस सर्जननी १९६९ च्या जून-जुलैत त्याला जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवलं आणि सांगितलं की हा मनोरुग्ण नाही, आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. बचाव पक्षाकडून आलेल्या नायर रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं की याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे लोक आपल्या वाईटावर टपलेत अशा भ्रमांचा गंभीर मनोविकार. सत्र न्यायालयाने फाशी दिली. त्याने अपील करायला नकार दिला. उच्च न्यायालयाने मात्र फाशी कायम करण्याआधी तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्या तिघांनी त्याच्या पाच मुलाखती घेतल्या, प्रत्येक सुमारे दोन तासांची. तो सांगत होता की जगं दोन आहेत, एक 'कानून'चं आणि एक हे, ज्यात तो राहतो. लोक त्याचं पुरुषाचं बाईत रूपांतर करायला टपले आहेत, पण तो 'कानून'चा प्रतिनिधी असल्यामुळे त्यांचं काही चालत नाही. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर त्याने तो घेतला नाही. या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवत नाही, म्हणाला.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येत नाही, मला ओळखीचं वाटतं. असे भ्रम वॉर्डात रोज कानावर पडतात. आणि ते सांगणारी माणसं जवळजवळ सगळी निरुपद्रवी असतात. मारण्यापेक्षा मार खाणारीच जास्त. त्यामुळे 'स्किझोफ्रेनिया होता म्हणून खून केले' हे वाक्य मी कधीच पुरं मानत नाही. भ्रमाचा विषय 'लोक माझ्या जिवावर उठलेत' असा असणं, दरोड्यासाठी पाच वर्षं तुरुंगात काढून आलेलं असणं, घर नाही, औषध नाही, 'अरे, हा काहीतरी विचित्र बोलतोय' म्हणणारं एकही माणूस नाही, असं बरंच काही त्या आजाराला येऊन मिळालेलं होतं. मंडळाचा निष्कर्ष असा होता की माणूस मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं. १९८७ साली फाशीऐवजी जन्मठेप झाली. तो येरवड्याला राहिला आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला.

आता पुणे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. करणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. चौघंही कलामहाविद्यालयातले विद्यार्थी. यांना ना आवाज ऐकू येत होते, ना भास होत होते. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा, हॉटेलमालकाचा. हेतू खंडणीचा. त्याला मारून पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं. मग १९७६ च्याच ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघं, आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातले पाच जण, त्यात संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्रीही. त्या काळातलं पुणं ज्यांनी पाहिलंय ते सांगतात, संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

तिसरं प्रकरण अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६. धंदा चोरीचा, जत्रेत, देवळाच्या गर्दीत. कडेवर लेकरू असलं की संशय येत नाही, आणि पकडलं गेलं तरी लोक दया करून सोडतात, हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून मुलं पळवायची. कोल्हापुरात सीमा पकडली गेली तेव्हा गर्दीचं लक्ष उडवायला आईने कडेवरचं पळवून आणलेलं मूल जमिनीवर आपटलं. नंतर ते रडं थांबेना, म्हणून मारून टाकलं. एक खून मात्र चोरीशी संबंध नसलेला : अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. तो सूड. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. मुलींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, पण दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

तीन प्रकरणं, व्याख्या एकच. एकात गंभीर मनोविकार. दुसऱ्यात पैसा, मस्ती आणि एका म्होरक्यामागे गेलेली तीन पोरं. तिसऱ्यात आईने लेकींना शिकवलेला घरचा धंदा, ज्यात मूल हे एक अवजार होतं. या तिन्हींचं 'मानसशास्त्रीय कारण' एका वाक्यात सांगणाऱ्याने तिन्ही प्रकरणं वाचलेली नाहीत, असं मी समजतो.

माझ्या वॉर्डातल्या अनुभवाचा उपयोग होतो तो इथे. एक शेतकरी आठवतो. बांधावरून भांडण झालं आणि त्याने सख्ख्या भावाच्या डोक्यात पहार घातली. आमच्याकडे आला तेव्हा तीन आठवडे धड जेवला नव्हता. रात्री उठून बसायचा आणि हात पाण्याने धूत राहायचा. ज्यांनी खून केलाय असे बहुतेक लोक मी असेच पाहिले : त्या एका कृत्याने स्वतःच मोडलेले. त्यांच्याकडून दुसरा खून होणं मला कल्पनेतही आणता येत नाही. त्यामुळे एक प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो : पहिल्या खुनानंतर हा माणूस मोडला का नाही?

पहिल्या खुनाचं कारण आणि दुसऱ्याचं कारण वेगळं असू शकतं, हे लोक विसरतात. पुण्याच्या चौघांनी पहिला खून केला तो खंडणीच्या हिशेबात. त्यानंतर नऊ महिने काहीही झालं नाही. कोणी दार ठोठावलं नाही. माणूस मारता येतो, आणि मारून दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा पिता येतो, हे त्या नऊ महिन्यांत ते शिकले. भीतीचं असंच असतं. पहिल्यांदा विहिरीत उडी मारणाऱ्या पोराचे पाय लटपटतात, दहाव्यांदा तो मागे वळून बघतही नाही. शिवाय चौघं असले की प्रत्येकाच्या वाट्याला गुन्ह्याचा चतकोरच येतो, निदान तसं वाटतं. प्रत्येक जण एकटा असता तर चौघांपैकी कितीजणांनी पहिली रात्र पार केली असती, याबद्दल मला शंका आहे. रामन राघवच्या बाबतीत हे लागू नाही. त्याच्या भ्रमाला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे पहिल्या वेळचं कारण दहाव्या वेळीही जसंच्या तसं उभं होतं.

तुम्ही 'सायकोपॅथ' हा शब्द वापरलाय, म्हणून थोडं त्यावर. आपली वर्तमानपत्रं माथेफिरू, विकृत, मनोरुग्ण हे शब्द एकाच भांड्यात ढवळतात. ज्याचा वास्तवाशी संबंध तुटतो तो सायकॉटिक, राघवसारखा. सायकोपॅथचा वास्तवाशी संबंध उत्तम असतो, बहुतेकदा आपल्यापेक्षा बरा. त्याच्यात कमी असते ती दुसऱ्याच्या वेदनेने आतून हलण्याची क्षमता, आणि शिक्षेच्या भीतीने थबकण्याची. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये या माणसाचं चित्र नीट रेखाटलं. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी वीस मुद्द्यांची तपासणी बनवली, एकूण गुण चाळीस, आणि उत्तर अमेरिकेत साधारण तीसच्या वर असला की सायकोपॅथ म्हणतात. ही तपासणी प्रशिक्षित माणसाने मुलाखत आणि जुने कागद समोर ठेवून करायची असते. मोबाइलवर नवऱ्याचे किंवा साहेबाचे गुण काढण्यासाठी ती नाही (हा उद्योग करून माझ्याकडे आलेल्या दोन बायका मला माहीत आहेत). आणि सायकोपॅथ म्हणजे खुनी, असंही नाही. त्यातले बहुतेक आयुष्यभर लोकांना टोप्या घालतात, कर्जं बुडवतात, संसार उधळतात, आणि खून एकही करत नाहीत.

मेंदू आणि जनुकं यांच्यावर फार थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी १९९७ मध्ये वेडाचा बचाव घेतलेल्या ४१ खुन्यांच्या मेंदूंचे स्कॅन प्रसिद्ध केले. कपाळामागच्या भागात, म्हणजे आवेग आवरणाऱ्या भागात, काम कमी दिसलं. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं की विशिष्ट जनुकाचा एक प्रकार आणि लहानपणचा छळ हे दोन्ही एकत्र आले तर पुढे समाजविघातक वागणं वाढतं. नुसत्या जनुकाने तेवढं होत नाही. कामाची माहिती आहे, पण यातलं काहीही एका माणसाकडे बोट दाखवून 'हा करेल' असं सांगू शकत नाही.

बालपणाचंही तसंच, आणि इथे मोठा घोटाळा होतो. खुन्यापासून मागे चालत गेलं की मारकुटा बाप, दारू, हेटाळणी हमखास सापडते. मग वाटतं, हेच कारण. पण तशाच बापाच्या घरातून पुढे चालत या. तिथला एक मुलगा एसटीत कंडक्टर असतो, दुसरी परिचारिका असते, तिसरा जरा तापट असतो, बस्स. अमेरिकेत ज्या अभ्यासावरून सिरियल किलरची लोकप्रिय प्रतिमा बनली, त्यात एफबीआयच्या लोकांनी ३६ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सगळे पुरुष, सगळे लैंगिक स्वरूपाच्या खुनांतले, सगळे पकडले गेलेले, आणि बोलायला तयार झालेले. तुलनेला त्याच परिस्थितीत वाढलेले साधे लोक नव्हते. तुरुंगातला माणूस आपली गोष्ट कशी सांगतो हे मी पाहिलंय. आधी अंदाज घेतो की समोरच्याला काय ऐकायचंय. आई वाईट हवी? मग आई वाईट.

मानसशास्त्राच्या बाहेरचं एक कारण सांगायलाच हवं, कारण 'एका खुनावर का थांबला नाही' याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं. राघवने मारलेली माणसं फुटपाथवरची. गावित प्रकरणातली मुलं बहुतेक गरिबांची, काही तर देवळाबाहेर झोपणाऱ्यांची. गोव्यात २००९ मध्ये पकडला गेलेला महानंद नाईक, ज्याच्यावर सोळा स्त्रियांच्या खुनांचे आरोप आले (काही खटल्यांत शिक्षा झाली, काहींत तो सुटला), तो लग्नाचं आमिष दाखवून गरीब घरातल्या मुलींना दागिन्यांसह बोलवायचा. १९९४ पासून ते चाललं असं पोलिसांचं म्हणणं. पंधरा वर्षं. मुलगी कोणाबरोबर पळून गेली असेल, असं समजून घरच्यांनी तोंड मिटून घेतलं की शोध घेणार कोण? त्याच्या मनात काय चाललं होतं हा प्रश्न मला पडतोच, पण पंधरा वर्षांचा हिशेब त्याच्या मनावर टाकता येत नाही.

आता भाच्याकडे येतो. ती 'तीन लक्षणं' म्हणजे अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांचा छळ. १९६३ मध्ये जॉन मॅक्डोनल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने ती एका लेखात मांडली. त्याने शंभर रुग्ण पाहिले होते, आणि ते 'ठार मारीन' अशी धमकी दिलेले लोक होते, ओळीने खून केलेले नव्हेत. पुढच्या अभ्यासांत हे त्रिकूट टिकलं नाही. यादी मात्र टिकली, कारण ती लक्षात ठेवायला सोपी आहे.

अंथरूण ओलं करणं त्या यादीतून आजच काढून टाका. गाढ झोप, बद्धकोष्ठ, आईबापांपैकी एखाद्याला लहानपणी तेच असणं, अशी साधी कारणं असतात, आणि त्यावर चांगले उपाय आहेत. बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मधली काही वर्षं कोरडं राहून आता पुन्हा सुरू झालं असेल तर मात्र लवकर दाखवा. लघवी आणि साखर तपासायला लागेल, आणि त्या सुमाराला घरात किंवा शाळेत काय घडलं हेही विचारायला लागेल. पोराला चारचौघांत लाजवू नका, एवढं आत्ताच बंद करता येईल.

मांजरीचं पिल्लू ही वेगळी बाब. तिच्याकडे काणाडोळा करू नका, असंच मी सांगेन. नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे कळतं. पण 'बुडवायचा प्रयत्न' या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात. पिल्लाला आंघोळ घालायची होती का? मोठ्या मुलांनी चिथावलं होतं का? की लपून, शांतपणे, बघत बघत केलं? एकदाच की याआधीही? पिल्लू ओरडायला लागल्यावर तो घाबरला, हसला, की त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं? नंतर लपवलं का? चोऱ्या, मारामाऱ्या, आग लावणं, बारक्या भावंडाला एकटं गाठून दुखवणं असं बाकी काही आहे का? यातलं बरंचसं असेल आणि वर्षभर चालत आलं असेल, तर आम्ही 'आचरण विकार' म्हणतो. तो या वयात सापडला तर आईवडिलांना शिकवून बराच आटोक्यात आणता येतो. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हे निदान अठरा वर्षांच्या आत आम्ही करतच नाही, त्यामुळे कोणी तुमच्या भाच्याला तसलं लेबल लावू पाहिलं तर दुसरा डॉक्टर गाठा.

माझ्या ओपीडीत मुक्या जनावराला दुखवलं म्हणून आणलेली जी मुलं आली, त्यांच्यात पुढचा खुनी शोधण्याआधी मी एकच गोष्ट शोधायचो. एक मुलगा आठवतो, दहाएक वर्षांचा, कुत्र्याच्या पिल्लाला पट्ट्याने मारायचा. मारताना काय बोलतोस, असं मी विचारलं. त्याने जी वाक्यं म्हणून दाखवली ती दहा वर्षांच्या मुलाची नव्हतीच. बाहेर बाकावर बसलेल्या बापाने ती ऐकली आणि मान खाली घातली. पट्टाही त्याचाच होता.

तुम्ही भाच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्याच्या घराबद्दल एकही नाही. तुमची बहीण कशी आहे? घरात कोण कोणावर हात टाकतं? त्या दिवशी पिल्लाच्या आधी काय झालं होतं, आणि बादली कोणी हिसकावून घेतली? त्या माणसाने मुलाला काय केलं? हे लिहिता येत असेल तर लिहा. उघड लिहायचं नसेल, तर जवळच्या बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना हेच कागदावर उतरवून न्या, आणि पहिली दहा मिनिटं भाच्याला बाहेर बसवून तुम्ही आणि बहीण दोघीच आत जा.